पहिला अल्बम रेकॉर्ड करण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुमच्या बँडचा पहिला अल्बम ‘स्टेजवर वाजतो तसाच’ निघायला हवा, असे तू लिहिले आहेस. हा हट्ट मला समजतो. पण स्टुडिओत जाण्याआधी ‘अननोन प्लेझर्स’ हा अल्बम एकदा हेडफोन लावून, शांतपणे, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐक.

इंग्लंडमधील मँचेस्टर परिसरातील जॉय डिव्हिजन या बँडने हा आपला पहिला अल्बम एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत रेकॉर्ड केला आणि जूनमध्ये तो फॅक्टरी या छोट्या स्वतंत्र कंपनीने काढला. स्टेजवर ही चौघे मुले कानठळ्या बसतील अशी वाजवत. निर्माता मार्टिन हॅनेट याने मात्र तो दणदणाट उतरवला, वाद्ये एकमेकांपासून लांब बसवली आणि मधली जागा मोकळी सोडली. त्यासाठी ड्रमर स्टीफन मॉरिसला त्याने सेटमधला एकेक ड्रम वेगवेगळा वाजवायला लावला. ‘शीज लॉस्ट कंट्रोल’मध्ये तालाबरोबर ‘फुस्स’ असा आवाज येतो, तो एरोसोलच्या डब्याचा फवारा आहे. शेवटच्या गाण्यात काच फुटते. इतके बारीक आवाज ऐकू येतात, कारण त्यांच्या अंगावर दुसरे काही रचलेले नाही.

पीटर हुकची बेस गिटारही अशीच ऐक. बर्नार्ड समनरच्या गिटारचा अ‍ॅम्प इतका मोठा वाजे, की आपले स्वर ऐकू यावेत म्हणून हुक वरच्या पट्टीत वाजवू लागला, आणि त्या अडचणीतूनच बेसने चाल धरण्याची त्याची शैली घडली. तुमच्या बेसवाल्याला हे जरूर सांग.

अल्बम हाती आला तेव्हा हुक आणि समनर दोघेही नाराज होते. स्टेजवरची धार गेली, असे त्यांना वाटले. हॅनेटने काम चांगले केले होते, हे हुकने पुढे मोकळेपणाने मान्य केले. ही नाराजी मला जवळून ठाऊक आहे. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगच्या वेळी ध्वनिमुद्रकाशी भांडून मी प्रत्येक रिकाम्या मात्रेत गिटार भरली होती, आणि आज त्या गाण्यांत गायकाचा श्वास कुठेच ऐकू येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तू पाठवलेल्या दुसऱ्या गाण्यात अंतऱ्यावर गिटारचे तीन थर आहेत. त्यांतला एकच ठेवून ते पुन्हा पाठव. पुढचे ते ऐकल्यावर लिहीन.