मॅडमचा राग आलाय, थेरपी सोडू का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी जुळे सोलापूरला राहते, वय ३६, बँकेत आहे. गेल्या मे महिन्यापासून एका मॅडमकडे दर गुरुवारी साडेपाचला थेरपीला जाते, गोळ्या वगैरे काही नाहीत, नुसतं बोलणं, सायकोडायनॅमिक म्हणतात म्हणे त्याला. छान चाललं होतं. जानेवारीत गड्ड्याच्या (आमची सिद्धेश्वराची जत्रा) आठवड्यात बुधवारी रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज, 'उद्या सेशन होणार नाही, पुढच्या गुरुवारी भेटू.' बस्स, एवढंच. मी हाफ डे टाकलेला, आता टाकलाच आहे तर म्हणून मुलाला घेऊन होम मैदानावर गेले तर पाळण्याच्या रांगेत मॅडम! सोबत त्यांची मुलगी, हातात बुड्ढी के बाल, दोघी खदखदून हसतायत. मी चक्क बांगड्यांच्या स्टॉलमागे लपले. एवढा राग आला की रात्री झोप नाही. पुढच्या गुरुवारी गेले, 'सगळं मस्त चाललंय' म्हणाले आणि नंतर दोनदा ताप आलाय सांगून गेलेच नाही. नवरा म्हणतो आठशे रुपये देऊन रुसायचं असेल तर घरी फुकट रूस. ऑफिसातली मैत्रीण म्हणते तुला ट्रान्सफरन्स झालंय, मॅडम बदल. मला तर स्वतःचीच लाज वाटतेय, लहानपणी आई धाकट्याला गड्ड्यावर न्यायची आणि मला आजीजवळ ठेवायची तेव्हा पण मी एवढी चिडत नव्हते. काय करू?

उत्तर : आधी एक सांगते, ट्रान्सफरन्स 'होत' नसतं हो, तो काय डेंग्यू आहे का? आपण ज्यांच्या हाताखाली वाढलो त्यांच्याकडून काय मिळेल, काय मिळणार नाही याचा एक अंदाज मनात बसलेला असतो आणि पुढे जो माणूस आपल्यासाठी महत्त्वाचा होतो त्याच्याकडे आपण त्याच अंदाजाने बघतो. साहेबाकडे बघतो, सासूकडे बघतो, थेरपिस्टकडे तर बघतोच बघतो. फरक एवढाच की साहेबाला हे सांगायची सोय नसते.

आणि तुमच्यासारखं मनातलं न सांगता निघून जाणारे पेशंट फ्रॉइडलाही, म्हणजे ज्याने ही बोलण्याची थेरपी सुरू केली त्यालाही, भेटलेत. १९०० च्या ऑक्टोबरात त्याच्याकडे एक १८ च्या आसपासची मुलगी यायला लागली, लिहिताना त्याने तिला डोरा नाव दिलं. ३१ डिसेंबरला ती आली आणि आज शेवटचं म्हणाली, संपलं. १९०५ मध्ये ती केस छापली तेव्हा त्यात त्याने कबूल केलंय की तिच्या मनात माझ्याबद्दल काय चाललंय ते मी वेळेत पकडलं नाही. मला फ्रॉइडचं सगळं पटत नाही (डोराशी तो जसा वागला ते तर अजिबात नाही), पण स्वतःची फसलेली केस अशी छापायला दम लागतो. आधी त्याला वाटायचं पेशंटच्या या भावना म्हणजे उपचारातला अडथळा, पुढे त्याच्या लक्षात आलं की कामाचा माल इथेच आहे.

आता तुमच्या मैत्रिणीचा सल्ला. पेशंट-थेरपिस्ट नात्यावर भरपूर संशोधन झालंय. एडवर्ड बोर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये या नात्याचे तीन भाग सांगितले : आपण कशासाठी भेटतोय यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत आणि आपसातला जिव्हाळा. २०१८ मध्ये फ्लुकिगर आणि सहकाऱ्यांनी २९५ अभ्यास एकत्र करून पाहिले, ३० हजारांहून जास्त पेशंट, तर नातं चांगलं असणं आणि गुण येणं यांचा संबंध साधारण ०.२८ निघाला (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). म्हणजे कुणाला किती गुण आला यातला जो फरक असतो त्यातला साधारण ८ टक्के. ऐकायला कमी वाटतं ना? पण थेरपी कुठल्याही प्रकारची असो, हा आकडा साधारण तिथेच येतो आणि या धंद्यात इतकं सातत्याने दिसणाऱ्या गोष्टी फार नाहीत. अर्थात संबंध आहे म्हणजे त्याच्याचमुळे गुण आला असं नाही, बरं वाटायला लागलं की मॅडमही आवडायला लागतात, हे संशोधकांनाही ठाऊक आहे, त्यावरून त्यांचे वाद चालूच असतात.

तुमच्या कामाचा भाग पुढे आहे. जेरेमी साफ्रन आणि ख्रिस्तोफर मुरान या दोघांनी बरीच वर्षं हेच बघितलं की हे नातं बिनसतं तेव्हा नेमकं काय होतं. त्यांना बिनसण्याच्या दोन तऱ्हा दिसल्या. एकात पेशंट तोंडावर भांडतो, तुमचा काही उपयोग नाही म्हणतो. दुसऱ्यात पेशंट गोड बोलून मनाने मागे सरकतो, हसतो, विषय बदलतो, 'सगळं मस्त चाललंय' म्हणतो. ओळखीचं वाटलं का? दुसरी तऱ्हा जास्त अवघड, कारण थेरपिस्टला पत्ताच लागत नाही, तिला वाटतं गाडी रुळावर आहे. आणि असं बिनसलेलं जिथे दोघांनी मिळून निस्तरलं तिथे पेशंटला गुणही जास्त आला असं या अभ्यासांतून दिसतं. म्हणजे कधी बिनसलंच नाही ही काही फार शाबासकीची गोष्ट नाही.

आईचं वाक्य तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. मी इथे बसून त्याचा अर्थ लावणार नाही, मासिकातून असे अर्थ लावू नयेत. पण पाळण्याच्या रांगेतली मॅडमची मुलगी आणि आजीजवळ ठेवलेली तुम्ही, हे पत्रात एकापाठोपाठ एक आलंय, ते मी आणलेलं नाही.

ऑस्लोमध्ये पेर हॉग्लेंड यांनी १०० पेशंट घेऊन एक प्रयोग केला, २००६ मध्ये तो छापून आला. सगळ्यांना वर्षभर दर आठवड्याला सायकोडायनॅमिक थेरपी, फक्त चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले : एका गटात थेरपिस्टने 'तुम्हाला माझ्याबद्दल काय वाटतंय' हे अधूनमधून उघड बोलायचं, दुसऱ्यात ते टाळायचं. सरासरी काढली तर दोन्ही गट सारखेच. पण ज्यांची आयुष्यातली नाती आधीपासून डळमळीत होती त्यांना पहिल्या प्रकारचा फायदा जास्त झाला. जुनी समजूत बरोबर उलटी होती, की असल्या नाजूक पेशंटला हे झेपायचं नाही. मात्र ऊठसूट तेच करायचं नाही, कॅनडात विल्यम पायपर यांनी १९९१ मध्ये दाखवलं होतं की असं विश्लेषण जिथे फार होतं तिथे निकाल वाईट दिसतो. शेंगाचटणीसारखं आहे ते, चव येण्यापुरतंच.

तर मॅडम बदलायच्या आधी एक गुरुवार जा. जाऊन काय बोलायचं तेही सांगते, कारण ऐनवेळी परत 'मस्त' निघेल तोंडातून : 'मॅडम, मला ताप नव्हता. तुम्ही सेशन रद्द केलं आणि मी तुम्हाला गड्ड्यावर पाहिलं, मला खूप राग आला.' एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. त्यांनी कारण सांगितलंच पाहिजे असं नाही, मुलीला जत्रेला न्यायचा त्यांनाही हक्क आहे की! पण तो मेसेज कोरडा होता आणि आदल्या रात्री आला, हे त्यांनी ऐकून घ्यायला हवं. पॉला हायमान या मानसविश्लेषक बाईंनी १९५० मध्येच लिहिलं होतं की पेशंटमुळे थेरपिस्टच्या मनात जे उठतं ते तिच्या कामाचं हत्यार आहे, म्हणजे तुम्ही 'मस्त' म्हणालात त्या सेशनमध्ये मॅडमनाही काहीतरी खटकलं असण्याची शक्यता आहे. त्यांनी ऐकलं, विचारलं, तर तिथेच राहा. त्या हसल्या, चिडल्या, 'तुम्ही फार सेन्सिटिव्ह आहात' म्हणाल्या आणि दोनतीनदा हेच झालं तर खुशाल बदला. आणि थेरपिस्ट अंगलट यायला लागला, उसने पैसे मागायला लागला, तुमच्या घरच्यांना परस्पर सांगायला लागला तर मात्र एकही गुरुवार थांबू नका.

नवऱ्याला सांगा, घरी फुकट रुसून झालंय, त्याने काही कळलं नाही म्हणून तर आठशे जातायत.

प्रश्न : नात्यानेच गुण येतो तर थेरपिस्ट कशाला, पार्क चौकात मित्रासोबत चहा प्यायलो तरी चालेल ना?

उत्तर : चहा प्याच. पण मित्र दहा मिनिटांत स्वतःच्या साहेबाची गोष्ट काढतो आणि तुम्ही त्याच्यावर चिडलात तर तोही चिडतो. शिवाय बोर्डिनचे तीन भाग वर वाचा, जिव्हाळा हा त्यातला एकच आहे.

प्रश्न : सोलापूर केवढंसं, माझे थेरपिस्ट माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचे निघाले. बाहेर भेटले तर काय करायचं? घरी कळलं तर?

उत्तर : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तुमची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय, जिवावर बेतण्यासारखे काही अपवाद सोडले तर मेव्हण्यालाच काय बायकोलाही तुमच्या परवानगीशिवाय सांगता येत नाही. तरी मेव्हण्याशी ओळख किती घट्ट आहे ते सरळ विचारा, रोजचं उठणंबसणं असेल तर दुसरे बघितलेले बरे. आणि बाहेर भेटल्यावर ओळख दाखवायची का हे आधीच ठरवून घ्या. माझ्याकडे येणारे एक जण अक्कलकोट रोडच्या एका लग्नात पंगतीत जिलेबी वाढत होते. त्यांनी ओळख दाखवली नाही, मीही नाही. जिलेब्या मात्र शेजारणीपेक्षा दोन जास्त पडल्या, आणि पुढच्या सेशनची पहिली वीस मिनिटं आम्ही त्या दोन जिलेब्यांवरच बोललो.