दुर्भाटच्या फेरीतून दिसलेलं जहाज

मालवणहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मासेमारी ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करण्याचा त्यांचा व्यवसाय आहे. मुलीने यंदा बारावी सायन्स दिली, गणितात चांगली आहे. सुट्टीत ती मावशीकडे गोव्यात दुर्भाटला गेली होती. तिथून फेरीबोटीने झुआरी नदी ओलांडताना रासईच्या काठाला तिला नवंकोरं मालवाहू जहाज दिसलं. ते फिनलंडच्या कंपनीसाठी बांधलंय आणि बॅटरीवरही चालतं, असं कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून ‘मला अशी जहाजं बनवायची आहेत’ असा तिचा हट्ट आहे. वडील विचारतात : हे खरंच काम आहे की चार दिवसांचं खूळ? घराजवळच्या कॉलेजात मेकॅनिकल घेतलं तर नाही का चालणार? मुलीला समुद्रावर जावं लागेल का? आणि कोल्हापूरच्या एका एजंटाने साडेसहा लाखांत ‘युरोपच्या जहाजावर हमखास नोकरी’ सांगितली आहे, त्याचं काय करू?

नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात पैसे जायचा धोका आहे. एजंटाला एक रुपयाही देऊ नका. खलाशांची भरती करायला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. परवाना असलेल्या कंपनीलाही नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेता येत नाहीत, कायद्यानेच मनाई आहे. परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या वडिलांनी जमीन विकून असे पैसे भरले होते. मुलगा दोन महिने परदेशातल्या एका खोलीत बसून परत आला. ते कुटुंब अजून सावरलेलं नाही, म्हणून इतकं जोर देऊन लिहितो आहे.

आता मुलीने पाहिलेल्या जहाजाविषयी. लोटलीजवळच्या रासईला चौगुले समूहाची गोदी आहे. ईएसएल शिपिंग या फिनिश कंपनीच्या गटासाठी तिथे १२ जहाजांची मालिका ठरली. त्यातलं पहिलं, ‘इलेक्ट्रामार’, २०२३च्या अखेरीस मालकाच्या ताब्यात गेलं. प्रत्येक जहाज सुमारे ५,३५० टन भार वाहणारं आणि लांबीला ९० मीटरच्या आसपास आहे. मालकांच्या हिशेबाप्रमाणे आधीच्या पिढीतल्या जहाजांच्या तुलनेत टनामागे कार्बन उत्सर्जन जवळपास निम्म्यावर येतं.

गोव्याबाहेरही असं काम चालू आहे. कर्नाटकात मालपेच्या उडुपी कोचीन शिपयार्डला २०२३मध्ये नॉर्वेच्या विल्सन कंपनीकडून ३,८०० टनी सहा डिझेल-इलेक्ट्रिक जहाजांची ऑर्डर मिळाली. त्यांचं आरेखन नेदरलँड्सच्या कोनोशिपचं आहे. कोचीन शिपयार्डने नॉर्वेतल्या ऑस्लो फ्योर्ड या खाडीत मॉस आणि होर्टेनच्या मध्ये ट्रेलर नेणारी दोन पूर्ण विजेवरची जहाजं २०२२मध्ये दिली. ऑस्लो ते रॉटरडॅम धावणाऱ्या हायड्रोजनवरच्या दोन कंटेनर जहाजांचं कामही तिथेच सुरू झालं. म्हणजे तुमच्या मुलीने पाहिलं ते एकटंदुकटं नवल नव्हतं.

युरोपला अशी जहाजं का लागतात, हे समजलं की करिअरचा प्रश्न अर्धा सुटतो. तिकडे बाल्टिक, उत्तर समुद्र, भूमध्य समुद्र यांच्या काठाकाठाने लाकूड, कागदाचे रोल, धान्य, खत, पोलाद, मीठ, खडी असा माल छोट्या जहाजांतून फिरतो. ही जहाजं मुद्दामच छोटी असतात. कुठे कालव्याचं दार अरुंद, कुठे नदीमुखाशी पाणी उथळ, कुठे सरोवराच्या आत शिरायचं. जर्मनीचा ९८ किलोमीटरचा कील कालवा डेन्मार्कला घालावा लागणारा वळसा वाचवतो. त्याच जहाजाला पुढे हिवाळ्यात बोथनियाच्या आखातातलं बर्फही फोडावं लागतं.

वर नियम दरवर्षी आवळत चालले आहेत. उत्तर समुद्र आणि बाल्टिकमध्ये २०१५पासून इंधनात ०.१० टक्क्यांहून जास्त गंधक चालत नाही, आणि मे २०२५पासून भूमध्य समुद्रातही तीच मर्यादा आली. २०२४पासून ५,००० ग्रॉस टनांवरच्या (हे जहाजाच्या आकारमानाचं माप, वजनाचं नव्हे) जहाजांना युरोपात कार्बन उत्सर्जनाचे पैसे मोजावे लागतात. त्याहून लहान, ४०० ते ५,००० ग्रॉस टनांच्या मालवाहू जहाजांना २०२५पासून उत्सर्जनाची नोंद देणं सक्तीचं झालं. त्यामुळे जुनी, तेल पिणारी जहाजं मालकांना परवडेनाशी होत आहेत.

तेल वाचतं कसं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं समजेल. ट्रॉलरचा थ्रॉटल शेवटच्या टप्प्यात पुढे रेटला की वेग जेमतेम वाढतो आणि डिझेल मात्र घळाघळा जातं, हे तुम्ही रोज पाहता. ढोबळ नियम असा, की लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. १२ नॉटऐवजी १० नॉटने गेलं तर इंजिनावरचा भार सुमारे ४२ टक्के उतरतो. प्रवासाला वेळ जास्त लागतो, तो धरूनही त्याच अंतराला ३० टक्क्यांच्या आसपास तेल कमी लागतं. म्हणून आरेखनकार आधी नाळेचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, आकार सुधारतात, मग मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा पंखा बसवतात.

खरी मेख पुढे आहे. जुन्या पद्धतीत एकच मोठं इंजिन असतं, आणि ते वर्षातल्या सर्वांत वाईट दिवसाच्या हिशेबाने निवडलेलं असतं. उरलेले दिवस ते अर्धपोटी, म्हणजे अकार्यक्षम चालतं. डिझेल-इलेक्ट्रिक जहाजात तीन-चार छोटे जनरेटर असतात, त्यांच्या विजेवर पंखा फिरतो, आणि ते गरजेपुरतेच चालू ठेवायचे. बॅटरी असलेल्या जहाजात बंदरात शिरताना, वळताना लागणारी ताकद बॅटरी देते, आणि धक्क्याला लागल्यावर किनाऱ्याची वीज घेतात. बर्फाच्या बाबतीत तर हा पेच फारच सुंदर आहे. फिनलंड-स्वीडनच्या बर्फविषयक नियमांप्रमाणे इंजिनाला किमान ठरावीक ताकद हवीच. कार्यक्षमतेचे नियम सांगतात, ताकद कमी ठेवा. या दोन्हींना एकाच आराखड्यात बसवायचं. गणित आवडणाऱ्या मुलीला आयुष्यभर पुरेल असं हे काम आहे.

आता स्पष्ट बोलतो. या जहाजांवर खलाशी म्हणून जाण्याचं स्वप्न तिने पाहू नये. तिथे माणसंच मोजकी असतात, आणि छोट्या युरोपीय जहाजांवर भारतीयांना शिरकाव अवघड आहे. आपल्या मुलांना जागा आहे ती ही जहाजं रेखाटण्यात, बांधण्यात आणि तपासण्यात. या कामात वर्षानुवर्षं समुद्रावर राहावं लागत नाही. गोदीतून निघालेल्या जहाजाच्या चाचणीला काही दिवस जावं लागतं, तेवढंच.

यासाठी शाखा आहे नेव्हल आर्किटेक्चर, म्हणजे जहाजांचं आरेखन. आयआयटी खरगपूर आणि आयआयटी मद्रास इथे जेईईतून प्रवेश मिळतो. कोचीच्या कुसॅट विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे, आणि भारतातल्या गोद्यांमध्ये तिथले पदवीधर पावलोपावली भेटतात. इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या विशाखापट्टणम केंद्रातही हा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी आयएमयू-सीईटी द्यावी लागते. बारावीला पीसीएममध्ये ६० टक्के आणि दहावीला किंवा बारावीला इंग्रजीत ५० टक्के हवेत, एवढं आत्ताच तपासून घ्या. अर्जाची तारीख विद्यापीठाच्या संकेतस्थळावरूनच बघा, कुणाच्या फॉरवर्डवरून नको.

कोची किंवा विशाखापट्टणम मिळालं तर पाठवा. दूर आहे म्हणून अडवू नका. नाहीच मिळालं, तर घराजवळचं इंजिनीअरिंग वाईट नाही, पण मेकॅनिकलऐवजी इलेक्ट्रिकलचाही गंभीरपणे विचार करा. जहाजाचं हृदय आता स्विचबोर्डकडे सरकतंय आणि गोदीत ती बाजू समजणारी माणसं कमी आहेत, असं माझं मत आहे. पदवीनंतर नेव्हल आर्किटेक्चरमध्ये एमटेक करता येतं. पुढे मुंबईत पवईला मुख्यालय असलेल्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या, जहाजं तपासून प्रमाणित करणाऱ्या वर्गीकरण संस्था आहेत, आरेखन कंपन्या आहेत, वास्कोची गोवा शिपयार्ड आणि मुंबईची माझगाव डॉक आहे.

धोका लपवणार नाही. हा धंदा भरती-ओहोटीचा आहे. रत्नागिरीला मिऱ्या बंदरावर गोदी असलेली भारती शिपयार्ड कंपनी २००८च्या जागतिक मंदीनंतर कर्जात कशी बुडाली, हे कोकणात कुणाला सांगायला नको. मालपेची जी गोदी आज नॉर्वेसाठी जहाजं बांधते, तीही पूर्वीच्या मालकांच्या हाती दिवाळखोरीत गेली होती. २०२०मध्ये कोचीन शिपयार्डने ती घेतली. गोव्यातही २०१२ला खाणी बंद झाल्या तेव्हा मांडवी-झुआरीवरच्या खनिजाच्या बार्जेस जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यामुळे एका गोदीच्या भरवशावर आयुष्य बांधायचं नाही. आराखड्याचं सॉफ्टवेअर, स्थिरतेची गणितं, विद्युत प्रणाली ही कौशल्यं तिच्यासोबत कुठेही जातील. सुरुवातीचा पगार आयटीतल्या मैत्रिणींपेक्षा बहुधा कमी असेल, हेही तिला आजच सांगून ठेवा.

मुलीने हे करावं का, असं तुमच्या पत्रात दोन ओळींच्या मधे लिहिलेलं वाचलं. गोदीत पोलादी पत्रे तापतात, पावसात मचाणं निसरडी होतात, कामगार बहुतेक पुरुष असतात. सोपं नाही. पण लहानपणापासून तुमच्या कार्यशाळेत वाढलेल्या मुलीला ग्रीस आणि आवाज नवे नाहीत, आणि तिथल्या माणसांशी कसं बोलायचं ते तिला बाहेरून आलेल्या कुणापेक्षाही जास्त कळतं. ही तिची शिदोरी आहे, ती कमी लेखू नका.

निकाल लागेपर्यंत तिला एक काम द्या. ओळखीच्या एखाद्या तांडेलाला विचारून ट्रॉलरच्या चार-पाच फेऱ्यांचं डिझेल, वेग आणि वेळ वहीत लिहायला सांगा. वेग मोबाइलच्या जीपीएसवर मिळेल. मग त्यावरून तिने आलेख काढावा, आणि घनाचा नियम मालवणच्या पाण्यात कुठपर्यंत लागू पडतो ते पाहावं. जिथे आलेख चुकेल, तिथे का चुकला, हे ती तुम्हाला विचारेल. तेव्हा पाना बाजूला ठेवून तिच्यासोबत बसा, आणि त्या वहीच्या पानांचे फोटो मला पाठवा.