साठच्या पुढे थरथरणारी नवी पिकअप आणि जॉब कार्डावरची सही

निपाणी तालुक्यातील एका वाचकाचे पत्र, थोडक्यात:

"मी भाजीपाल्याची वाहतूक करतो. सात महिन्यांपूर्वी कोल्हापूरच्या शोरूममधून नवी पिकअप घेतली. बिल ९ लाख ८५ हजार, त्यातले साडेसात लाख कर्ज. पासिंग चिक्कोडीला केलं. पहिल्या आठवड्यापासून हायवेला साठ-पासष्टच्या पुढे गेलं की गाडी व्हायब्रेशन मारते. स्टेअरिंगला कमी, सीटला आणि पायाखालच्या पत्र्याला जास्त. माल भरून जाताना कमी, रिकामी येताना जास्त. तीन वेळा वर्कशॉपला लावली, दोनदा कोल्हापूर, एकदा बेळगाव. चाकांचं बॅलन्सिंग केलं, पुढचे टायर मागे टाकले. आता म्हणतात, या मॉडेलचं असंच असतं, साठच्या आत चालवा. टायर वॉरंटीत येत नाहीत म्हणतात. धंद्याची गाडी असल्यामुळे ग्राहक कोर्टात जाता येणार नाही असंही सांगितलं. नवी गाडी किंवा पैसे परत मिळतील का? केस कोल्हापूरला करायची की बेळगावला? तोपर्यंत हप्ते थांबवले तर चालेल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे उशीर परवडणारा नाही. हप्ते थांबवू नका. गाडी विकणारा एक, कर्ज देणारा दुसरा, आणि दोघांशी तुमचे करार वेगवेगळे आहेत. गाडीत दोष आहे म्हणून हप्ता थकवला, तर फायनान्सवाले गाडी ओढून नेतील. मग दोष दाखवायला गाडीच तुमच्या ताब्यात राहणार नाही. अशा तऱ्हेने चांगली केस हातची गेलेली मी पाहिली आहे. भरलेलं व्याज नुकसानभरपाईत मागता येतं. ते मागू, पण हप्ता तारखेला जाऊ द्या.

आता 'धंद्याची गाडी' हा मुद्दा. शोरूमवाले हे प्रत्येकाला सांगतात आणि निम्मे लोक तिथूनच परत फिरतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(७) मध्ये व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक नाही असं म्हटलेलं आहे, हे खरं. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात पुढे म्हटलं आहे की स्वयंरोजगारातून, केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी जो वस्तू घेतो आणि स्वतः वापरतो, त्याचा वापर 'व्यापारी कारण' धरायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट या खटल्यात हे उदाहरणं देऊन समजावलं. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा किंवा ट्रक घेणारा माणूस ग्राहकच. मदतीला एक-दोन माणसं घेतली म्हणून त्याचं ग्राहकपण जात नाही. मात्र गाडी घेऊन ती सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती चालवायला दिली, तर तो ग्राहक राहत नाही. शिवाय २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही ठरवलं की खरेदी व्यापारी कारणासाठी होती हे सिद्ध करण्याचा भार, तसं म्हणणाऱ्या विक्रेत्यावर आहे.

तुम्ही लिहिता तसं गाडी तुम्ही स्वतः चालवता आणि चुलतभाऊ अधूनमधून चालवायला बसतो, एवढ्याने काही बिघडत नाही. पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलं आहे की दिवाळीनंतर दुसरी गाडी घेऊन तिच्यावर ड्रायव्हर ठेवायचा विचार आहे. तो तुमचा हक्क आहे, मी अडवणार नाही. मात्र कंपनीचा वकील ती दुसरी गाडी दाखवून तुम्हाला 'ट्रान्सपोर्टवाला' ठरवायला बघेल. तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात स्वच्छ लिहायचं: घरी किती माणसं खाणारी, शेती किती, ही गाडी घेतली तेव्हा दुसरं वाहन नव्हतं, लायसन्स माझ्या नावावर आहे आणि गाडी मी चालवतो. 'स्वयंरोजगारातून उपजीविका' हे शब्द तक्रारीत असायलाच हवेत. ते राहून गेल्यामुळे बऱ्याच तक्रारी सुरुवातीलाच अडकतात.

कोल्हापूर की बेळगाव? बेळगाव. जुन्या १९८६ च्या कायद्यात विरुद्ध पक्ष जिथे आहे किंवा व्यवहार जिथे घडला, तिथे जावं लागायचं. सीमेवरच्या माणसाची त्यात फार फरफट व्हायची. खरेदीला कोल्हापूर जवळचं वाटे, पण भांडण लागलं की तारखांना कागलच्या पलीकडे खेटे घालावे लागत. नव्या कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेही, म्हणजे ग्राहक कोर्टात, जाता येतं. शोरूम महाराष्ट्रात असली तरी तिला बेळगावला यावं लागेल. रहिवासाच्या पुराव्याला आधार आणि आरसी पुरेसं आहे. बेळगावला कामकाज कन्नड किंवा इंग्रजीत चालतं. तुमच्याकडचे मराठी कागद, म्हणजे शोरूमशी झालेले व्हॉट्सॲपवरचे निरोपसुद्धा, इंग्रजी भाषांतरासह जोडा.

इथवरचा कायदा तुमच्या बाजूने आहे. खरी अडचण मला तुम्ही पाठवलेल्या तीन जॉब कार्डांच्या, म्हणजे वर्कशॉपच्या दुरुस्ती-नोंदीच्या कागदांच्या, फोटोंत दिसली. पहिल्या कार्डावर तक्रारीच्या रकान्यात 'जनरल चेकअप' एवढंच आहे, व्हायब्रेशनचा शब्द नाही. दुसऱ्यावर व्हायब्रेशन लिहिलं आहे आणि बॅलन्सिंग केल्याची नोंद आहे, हे उत्तम. तिसऱ्यावरच्या कन्नड ओळीचा अर्थ तुम्ही मला विचारला आहे. 'रस्त्यावर चालवून पाहिली, दोष आढळला नाही', असं तिथे लिहिलं आहे. आणि त्याखाली, 'काम समाधानकारक' या छापील ओळीवर, तुमची सही आहे.

सही केल्याशिवाय गाडीची चावी देत नाहीत, संध्याकाळचं भाडं चुकत असतं, हे मला ठाऊक आहे. तरी आयोगासमोर ही सही तुमच्याविरुद्ध वाचली जाईल. म्हणून आज-उद्याच शोरूम, बेळगावचं वर्कशॉप आणि कंपनीचा ग्राहक विभाग, तिघांना एकच ईमेल पाठवा. त्यात लिहा की तिसऱ्या कार्डावरची नोंद मला वाचता आली नव्हती, ती मला मान्य नाही, थरथर पहिल्या आठवड्यापासून कायम आहे. तारीख, किलोमीटर आणि कोणत्या वेगाला सुरू होते तेही घाला. यापुढे जॉब कार्डावर सही करायच्या आधी स्वतःच्या हाताने, मराठीत का होईना, लिहा: 'थरथर कायम आहे, समाधान झालेले नाही.' मग सही करा आणि तिथेच फोटो काढा. देवनागरीत लिहिलेला शेरा कर्नाटकातही शेराच असतो.

'या मॉडेलचं असंच असतं' हे वाक्य त्यांच्याकडून लेखी मागा. ते लेखी मिळालं तर दोष आहे हे त्यांनीच कबूल केलं. मग विक्रीच्या वेळी का सांगितलं नाही, हा प्रश्न उरतो. दिलं नाही तर ईमेलला उत्तर न दिल्याची नोंद राहते. 'साठच्या आत चालवा' याला तर कायद्यातच उत्तर आहे. मालवाहू गाडीला चौपदरी महामार्गावर केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे ८० किलोमीटरपर्यंत वेगाची परवानगी आहे आणि तुमच्या गाडीचा स्पीड गव्हर्नरही, म्हणजे वेग अडवणारं यंत्र, ८० वरच लावलेला असणार. कायद्याने आणि कंपनीने दिलेल्या वेगात गाडी नीट चालत नसेल, तर ग्राहक कायद्याच्या कलम २(१०) मधल्या 'दोष' या शब्दाच्या व्याख्येत ती बसते. रस्ता खराब आहे म्हणतील. खराब रस्त्यावर गाडी हळू चालवली तरी हादरते. ठराविक वेगाला सुरू होऊन वेग कमी करताच थांबणारी थरथर गाडीतल्या फिरणाऱ्या भागातून येते.

आता तुमच्याच पत्रातली एक ओळ, जी तुम्हाला किरकोळ वाटली असेल: 'रिकामी येताना जास्त'. तुमच्या केसमधली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. पिकअपच्या केसमध्ये कंपनीचा पहिला बचाव ओव्हरलोडचा असतो. रिकाम्या गाडीला थरथर जास्त असेल तर हा बचाव लंगडा पडतो. शिवाय तीच ओळ दोष कुठे असावा हेही सुचवते. सीटला आणि पत्र्याला जाणवणारी थरथर सहसा मागून येते. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वजनाने दबले की प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्याचा, कोन बदलतो, रिकामी असताना तो वेगळा असतो. शाफ्ट, त्याचा क्रॉस (सांधा) आणि त्याला मध्ये आधार देणारं सेंटर बेअरिंग तपासायला हवं होतं. तीनही कार्डांत तिकडे कुणी पाहिल्याची नोंद नाही, जे काम झालं ते चाकांवरच. बॅलन्सिंगने टायर किंवा रिम गोल नसल्याचा दोष जात नाही, हेही लक्षात ठेवा.

म्हणून पुढच्या वेळी नेमकी मागणी जॉब कार्डावर लिहून द्या: शाफ्ट, क्रॉस आणि सेंटर बेअरिंगची तपासणी, चारही रिम-टायरची गोलाई मोजणे आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीची चारही चाकं लावून त्याच रस्त्यावर फेरी. चाकं बदलल्यावर थरथर गेली तर दोष चाकांत, राहिली तर शाफ्टच्या बाजूला. याला फार खर्च नाही, अर्धा दिवस जातो. त्यांनी नाकारलं तर ते नाकारणं लेखी घ्या. एक कळकळीची सूचना: हे प्रयोग तुम्ही स्वतः भरल्या गाडीने वंटमुरी घाटात करू नका. आणि स्टेअरिंग अचानक जास्त हलायला लागलं तर भाडं सोडा, गाडी बाजूला घ्या.

काही गोष्टी मला प्रामाणिकपणे कळवा. जास्तीचा पाटा टाकला आहे का? हौदा बाहेर वाढवून घेतला आहे का? टायर वेगळ्या मापाचे बसवले आहेत का? पाटा वाढवला असेल तर शाफ्टचा कोन त्यानेच बदलला, असं ते म्हणतील आणि त्या म्हणण्यात दम असेल. बाजार समितीच्या काटा पावत्या टाकून देऊ नका. त्यात वजन आहे, आणि वजन मर्यादेत असेल तर त्या तुमचा पुरावा आहेत.

टायर वॉरंटीत नाहीत, हे वॉरंटीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असू शकतं. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुधा त्या-त्या कंपनीची असते. पण तुम्ही टायर सुटे विकत घेतले नव्हते, एका बिलावर अख्खी गाडी घेतली. तक्रारीत शोरूम आणि गाडीची कंपनी यांच्याबरोबर टायरच्या कंपनीलाही विरुद्ध पक्ष करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवणं आयोगासमोर संपेल. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. त्यांचा फोटो काढा. गाडी महिनोन्महिने यार्डात एका जागी उभी राहिली असेल तर टायर सपाट बसतात, हे तिथून धागा धरून विचारता येईल.

नवी गाडी मिळेल का? तुम्हाला खोटी आशा देणार नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मोटारीच्या क्लचच्या खटल्यात म्हटलं की वॉरंटीप्रमाणे जबाबदारी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची आहे. भाग बदलून काम होत असेल तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश टिकत नाही. म्हणून मागणी पायऱ्यांनी करायची. आधी दोष शोधून, भाग बदलून, थरथर पूर्ण घालवणे, आणि त्यानंतरच्या काळासाठी वाढीव वॉरंटी. ते ठराविक मुदतीत न जमल्यास गाडी बदलून देणे किंवा व्याजासह पैसे परत. दोन्ही परिस्थितींत बुडालेली भाडी, वर्कशॉपच्या खेपा आणि मनस्तापाची भरपाई. बुडालेल्या भाड्यांचा हिशेब वहीतल्या नोंदींवर मांडा. नुसता आकडा कुणी मानत नाही.

दोष सिद्ध करायला तज्ज्ञ लागेल. कलम ३८ खाली आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो आणि अहवाल साधारण ४५ दिवसांत यायचा असतो. त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागते. हा अर्ज तक्रारीबरोबरच द्या, नंतर नको. ओळखीच्या मेकॅनिकचं पत्र जोडायला हरकत नाही, पण यांत्रिकी विभाग असलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा किंवा पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेचा अहवाल वेगळ्याच वजनाचा असतो. चालत्या गाडीतला व्हिडिओ बाजूला बसलेल्या माणसाला काढू द्या. स्पीडोमीटर दिसला पाहिजे, आणि डॅशबोर्डवर पाण्याची अर्धी बाटली ठेवा, पाण्याची थरथर कॅमेऱ्यात नीट येते. त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडायचं, ते तुमचा वकील करून देईल.

आधी स्पीड पोस्टाने या तिन्ही विरुद्ध पक्षांना नोटीस, पंधरा दिवसांची मुदत. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, काही वेळा तेवढ्यानेच कंपनीचा माणूस फोन करतो. नाही जमलं तर जिल्हा आयोग. ५० लाखांपर्यंतची खरेदी त्याच्याच अखत्यारीत येते, आणि इथे तुम्ही मोजलेली किंमत धरतात, मागितलेली भरपाई नव्हे. पाच ते दहा लाखांच्या खरेदीला फी २०० रुपये आहे. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात, त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही. निकाल तीन महिन्यांत, तपासणी असेल तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात, तयारी त्या हिशेबाने ठेवा. मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर नाही म्हणू नका. या जातीची भांडणं तिथे चांगली मिटतात, मात्र तडजोडीचा प्रत्येक शब्द आदेशात उतरवून घ्या.

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे. वर्कशॉपच्या खेपांनी ती आपोआप वाढते असं धरून चालू नका. खरेदीच्या तारखेपासून मोजा, म्हणजे तुमच्या हातात सतरा महिने आहेत. पण वॉरंटी चालू आहे तोवर आणि किलोमीटर कमी आहेत तोवरच हे काम करायचं.

तिसऱ्या जॉब कार्डाचा फोटो डाव्या बाजूने कापला गेला आहे, किलोमीटरचा आकडा दिसत नाही. मूळ कागद उन्हात, डॅशबोर्डवर ठेवला असेल तर आजच काढून घरात ठेवा. थर्मल प्रिंट उडते. तिन्ही कार्डं, बिल, वॉरंटीची पुस्तिका आणि आरसी यांच्या पूर्ण पानांच्या प्रती पाठवल्यात तर नोटिशीचा मसुदा मी तपासून देईन.