लिक्विड क्रिस्टलच्या नमुन्याला डीएससीत शिखर नाही, पण टिल्ट अँगल शून्यावर येतो. स्मेक्टिक-ए ते सी-स्टार ट्रान्झिशन धरायचं का?

धरायचं. बिनधास्त धरा. (नवख्यांसाठी: डीएससी म्हणजे नमुना तापवताना-थंड करताना त्याची उष्णतेची देवाणघेवाण मोजणारं यंत्र. स्मेक्टिक अवस्थेत रेणू थरांत असतात; 'ए' मध्ये ते थराला उभे, 'सी-स्टार' मध्ये कललेले आणि काइरल, म्हणजे स्वतःच्या आरशातल्या प्रतिमेशी न जुळणारे. तो कल म्हणजे टिल्ट, आणि एका अवस्थेतून दुसरीत जाणं म्हणजे ट्रान्झिशन.) 'शिखर नाही म्हणजे ट्रान्झिशन नाही' असं तुमच्या गाईडनी सांगितल्याचं वाचलं आणि डोकंच फिरलं. हेच वाक्य मी मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात, प्री-सबमिशनला, भर सेमिनारमध्ये ऐकून घेतलंय.

आमच्या लॅबमध्ये डीएससी नव्हतं. एक जुना पोलरायझिंग मायक्रोस्कोप आणि वर्कशॉपमध्ये करून घेतलेली हॉट स्टेज, एवढ्यावर संसार. मे महिन्यात दिवसा व्होल्टेज वर-खाली, त्यात लोडशेडिंग. लाईन गेली की तापमान घसरायचं आणि अख्खा रन वाया. म्हणून जेवण करून रात्री बसायचो. आयटीओच्या, म्हणजे वीज वाहणारा पारदर्शक थर दिलेल्या, दोन काचा, मध्ये काही मायक्रॉनची फट, त्यात नमुना. क्रॉस्ड, म्हणजे एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या, पोलरायझरखाली हळूहळू थंड करत यायचं आणि विद्युत फील्डची दिशा उलटवत राहायची. स्मेक्टिक-ए मध्ये स्टेज फिरवून काळोख केला की दिशा उलटली तरी काळोखच. पण एका तापमानाच्या खाली आलं की बटण पलटताच तोच भाग लख्ख उजळायचा. मग परत काळोख सापडेपर्यंत स्टेज फिरवायची, व्हर्नियर वाचायचा. दोन काळोखांमधल्या कोनाचा निम्मा, तो टिल्ट. आधी एखादा अंश, थोडं खाली गेलं की चार-पाच, मग वीसच्या पुढं. कुठंही उडी नाही. यापेक्षा स्वच्छ ट्रान्झिशन डोळ्यांनी दिसत नसतं.

समितीतले एक सर सॉलिड स्टेटवाले. बाहेरून करून आणलेला डीएससीचा आलेख त्यांनी हातात घेतला नि म्हणाले, "पीक कुठंय यात? नसलेली फेज कामून दाखवू लागलास?" आमचे गाईड खाली बघत बसले. मी फळ्यावर लँडाऊ, म्हणजे ट्रान्झिशनचा त्याचा सिद्धांत, लिहायला उठलो तर सर "ते राहू दे" म्हणाले. तक्त्यातली ती नोंद काढा, मगच सही.

शिखर हे सुप्त उष्म्याचं असतं. टिल्ट शून्यापासून सलग वाढत असेल तर ट्रान्झिशन सेकंड ऑर्डर, म्हणजे सुप्त उष्मा नाहीच. विशिष्ट उष्म्यात तेवढी उडी येते आणि साध्या डीएससीत ती बेसलाइनची बारीक पायरी म्हणून दिसते किंवा दिसतही नाही. हुआंग आणि वाइनर यांनी १९८२ साली लँडाऊच्या विस्तारात टिल्टच्या सहाव्या घाताचं पद मोठं धरून उष्मा आणि टिल्ट दोन्हींचा मेळ घातला. सगळ्या रेंजवर एकच पॉवर लॉ (टिल्ट हा ट्रान्झिशनपासूनच्या तापमानाच्या अंतराच्या अमुक घातानं वाढतो असा नियम) बसवून घातांक ०.३५ आला म्हणून छापणारे प्रबंध मी ढिगानं पाहिलेत. तसं करू नका. ट्रान्झिशनच्या अगदी जवळ तो ०.५ असतो आणि दूर जाताना ०.२५ कडे सरकतो. मधला आकडा तुम्ही निवडलेल्या रेंजचा असतो, नमुन्याचा नाही.

गाईड अडूनच बसले तर विद्युत ध्रुवीकरण (प्रकाशाचं नव्हे) मोजून दाखवा. १९७५ मध्ये मेयर यांनी सममितीवरून दाखवलं की काइरल रेणू थरात कलले की थरालगत, कलण्याच्या प्रतलाला लंब अशा दिशेनं ध्रुवीकरण येऊ शकतं. मूळ गोष्ट टिल्ट, ध्रुवीकरण त्याच्या मागून येतं. ट्रँग्युलर वेव्हचं, म्हणजे त्रिकोणी आकारात वर-खाली होणारं, व्होल्टेज देऊन करंटमधला फुगवटा त्याच तापमानाला मावळतो का बघा. मावळला तर डीएससीला विचारायची गरज काय?

टिल्ट मायक्रोस्कोपचा घ्यावा की एक्स-रेचा, हेही तुम्ही विचारलंय. दोन्ही द्या. एक्स-रेचा, म्हणजे रेणू कलल्यावर थर किती आकसला त्यावरून काढलेला, सहसा कमी येतो, कारण प्रकाशाला मुख्यतः रेणूचा कडक गाभा दिसतो, तर थराच्या जाडीत शेपट्याही धरल्या जातात. डी व्रीस प्रकारचा नमुना असेल तर थर जवळपास आकसतच नाही, मग एक्स-रेचं गणित बाद. ते प्रकरण मोठं आहे, इथं नको.

हो, एक राहिलं. काही नमुन्यांत हेच ट्रान्झिशन फर्स्ट ऑर्डर असतं. टिल्टनं उडी मारली किंवा तापवताना आणि थंड करताना वेगळं तापमान आलं, तर मात्र शिखर यायलाच पाहिजे. दुसरं म्हणजे, फील्ड लावलं की स्मेक्टिक-ए मध्येही थोडा टिल्ट येतो (इलेक्ट्रोक्लिनिक परिणाम, गॅरॉफ आणि मेयर, १९७७), त्यामुळे टिल्टच्या वक्राला जास्त तापमानाच्या बाजूला शेपूट फुटतं आणि ट्रान्झिशनचं तापमान पुसट होतं. म्हणून फील्ड कमी-कमी करत पुन्हा मोजा आणि शून्य फील्डला काय येईल ते काढा. आमच्या समितीला अडवायचंच होतं तर यावर अडवायला पाहिजे होतं. ते सगळे वक्र माझ्या फायलीत होते, कुणी फाईल उघडली नाही.

तुम्ही ते वक्र पहिल्याच स्लाइडवर टाका. आणि नोंद काढायला लावलीच तर तक्त्यातून काढा, परिशिष्टात घाला. माझी तिथंच आहे. सही करताना परिशिष्ट कुणी वाचत नाही.