जुनी डिझेल गाडी घेताना इंजिनाच्या आवाजावरून काय ओळखावं?

तुम्ही घ्यायला बघताय ती गाडी 2014ची स्विफ्ट डिझेल, 1,08,000 किलोमीटर चाललेली, मालक 3 लाख 40 हजार सांगतायत. संध्याकाळी पाहिली तेव्हा इंजिन अगदी मऊ वाटलं. काल सकाळी न सांगता गेलात, तर सुरू होताना दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड झाली आणि मग सगळं शांत. मालक म्हणाले, "टॅपेट आहे, डिझेलला वाजतंच, सेट करून देतो." हे मानायचं का आणि आणखी काय काय ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय.

"टॅपेट सेट करून देतो" हे मानू नका. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह (हवा आत आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) उघडणाऱ्या यंत्रणेतला भाग, आणि त्या इंजिनात तो सेट करायची सोयच नाही. स्विफ्टमधलं हे डिझेल इंजिन मूळ फियाटचं 1.3 मल्टिजेट, 1248 सीसी. डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो या सगळ्यांत हेच इंजिन वेगवेगळ्या नावांनी आलं. त्याचे टॅपेट हायड्रॉलिक असतात, म्हणजे ऑइलच्या दाबावर ते आपली फट आपणच भरून काढतात. होंडा सिटी पेट्रोलला टॅपेट सेट करावे लागतात, फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून स्क्रू फिरवावा लागतो. इथे फिरवायला स्क्रूच नाही. मालक मुद्दाम खोटं बोलतायत असं मी म्हणणार नाही, त्यांनाही कुणी तरी तसंच सांगितलं असेल. पण नसलेल्या दुरुस्तीच्या भरवशावर 3 लाख 40 हजारांचा व्यवहार करू नका.

मी कराडला 19 वर्षं गॅरेज चालवतो आणि हे इंजिन कितीदा खोललं त्याचा हिशेब नाही. तुम्ही सांगितलेली खडखड ऐकली की माझं पहिलं लक्ष टायमिंग चेनकडे, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणाऱ्या साखळीकडे जातं. या इंजिनात टायमिंगला पट्टा नाही, चेन आहे, आणि ती ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. सकाळी सेल्फ मारल्यावर दाब यायला क्षणभर लागतो. चेन चांगली असेल तर तेवढ्यात काही कळतही नाही. ती वाढलेली असेल तर दाब येईपर्यंत गाईडवर, म्हणजे तिला वाट देणाऱ्या पट्टीवर, आपटत राहते. दाब आला की टेन्शनर चेन आवळतो आणि आवाज बंद. म्हणून संध्याकाळी तुम्हाला काही ऐकू आलं नाही.

दुसरीही एक शक्यता आहे, आणि ती स्वस्तातली आहे. हलक्या प्रतीचा, कंपनीचा नसलेला ऑइल फिल्टर घातला असेल तर त्यातलं ऑइल रात्रभरात निथळून जातं, सकाळी आधी फिल्टर भरतो आणि मग दाब वर पोचतो. तेव्हाही अशीच खडखड होते. हे दोन वेगळे करायचे असतील तर कंपनीचा फिल्टर आणि 5डब्ल्यू-30 ऑइल घालून गाडी रात्रभर उभी ठेवायची आणि सकाळी ऐकायचं. आवाज गेला तर फिल्टर होता, राहिला तर चेन. चेनकडे दुर्लक्ष मात्र करू नका. चेनने एक दात जरी सोडला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात, आणि मग बिल फक्त चेनचं राहत नाही.

आता बाकीच्या आवाजांविषयी. नवखा माणूस "आवाज येतो की नाही" एवढंच बघतो. डिझेल इंजिन आवाज करणारच. थंड असताना डिझेल जरा उशिरा पेटतं, आणि उशिरा पेटलं की एकदम पेटतं, म्हणून सकाळची कडकड जास्त असते. ती चारही सिलिंडरची सारखी, एका लयीत असते, आणि इंजिन तापेल तशी मऊ होत जाते. खरं ऐकायचं ते हे, की तुम्ही काय केलं म्हणजे आवाज बदलतो. इंजिन तापल्यावर? रेस दिल्यावर? क्लच दाबल्यावर? एसी लावल्यावर? आवाज कशाने बदलला ते कळलं की बिघाड कुठे आहे ते निम्मं कळतं.

क्लचपासूनच सांगतो, कारण ते सगळ्यात सोपं आहे. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू, आणि घरघर येतेय. क्लच पूर्ण दाबा. घरघर थांबली तर ती इंजिनाची नाही, गिअरबॉक्सच्या बेअरिंगची आहे. उलट क्लच दाबल्यावर कुरकुर सुरू झाली तर क्लचचं रिलीज बेअरिंग गेलंय. बेअरिंग स्वतः महाग नसतं, पण ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि उतरवलाच आहे तर क्लचप्लेटही बघावी लागते. म्हणून याचे पैसे भावातून कमी करून घ्यायचे.

चिरचिर किंवा किंचाळल्यासारखा आवाज बहुधा बाहेरच्या पट्ट्याचा. एसी आणि हेडलाइट लावा, म्हणजे डायनामोवर ताण येतो. पट्ट्यावर पाण्याचे दोन थेंब टाकल्यावर आवाज क्षणभर गेला तर पट्टा घासलाय. पाण्याने काहीच फरक पडला नाही तर डायनामो, वॉटरपंप किंवा पुलीचं बेअरिंग. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्या त्या भागावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवली की कोणतं बेअरिंग बोलतंय ते स्वच्छ कळतं, पण हे मिस्त्रीला करू द्या. रेडिएटरचा पंखा केव्हाही आपोआप सुरू होतो. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी घेऊन चालू इंजिनावर वाकू नका.

डिझेलला आणखी एक आवाज येतो, वाफेचं इंजिन दुरून ऐकावं तसा चफ-चफ-चफ. रेस वाढवली की तोही भरभर होतो. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या बुडाशी तांब्याचा वॉशर असतो, तो गळायला लागला की सिलिंडरमधला दाब तिथून निसटतो. वरचं प्लास्टिकचं कव्हर काढून बघा, इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर दिसला तर खात्री झाली. लवकर धरलं तर वॉशरवर भागतं. तसंच चालवत राहिलं तर तो थर इतका घट्ट बसतो की इंजेक्टर बाहेर काढतानाच तुटायची भीती असते.

टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणाऱ्या पंख्याची, बारीक शीळ ठीक आहे. रेस देताना ती सायरनसारखी चढत गेली आणि मागून निळा धूर आला तर टर्बोचा शाफ्ट सैल झालाय.

ज्या आवाजासाठी मी गाडी तिथल्या तिथे सोडतो तो खालून येतो. तो जड असतो, दाराआड कुणी हातोडी मारल्यासारखा ठक-ठक. वरचे आवाज टिकटिक करतात, हा ठोकतो. क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आणि कनेक्टिंग (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) यांच्या बेअरिंगचा आवाज इंजिन तापल्यावर वाढतो, कारण तापलेलं ऑइल पातळ होतं आणि झिजलेली फट भरून काढू शकत नाही. तो ऐकायची रीत अशी: पूर्ण तापलेल्या इंजिनाला दोन-अडीच हजार आरपीएमपर्यंत न्या आणि पाय पटकन काढा. आकडा खाली येत असताना तीन-चार ठोके ऐकू आले तर व्यवहाराचं बोलणंच करू नका.

हाच ठोका झाकायला काही दलाल 20डब्ल्यू-50 सारखं दाट ऑइल भरतात, नाहीतर वरून बाटलीतलं औषध ओततात. मला हे माहीत होतं, तरी मेव्हण्याच्या गाडीला एकदा नडलं. विकणाऱ्याने भर दुपारी बोलावलं, गाडी आधीच तापलेली होती, आवाज मऊ होता. मी हो म्हटलं आणि मेव्हण्यांनी माझ्या शब्दावर पैसे दिले. पुढे त्यांनी ऑइल बदलून योग्य ग्रेडचं घातलं आणि तिसऱ्या महिन्यात खंबाटकी घाट चढताना इंजिन ठोकायला लागलं. क्रँकपर्यंत काम गेलं, 78 हजार रुपये लागले. त्या घरी गेलो की आजही मला ते आठवतं. दाट ऑइल तापलेल्या इंजिनाचा आवाज झाकतं, पण थंड इंजिनात ते वर पोचायला वेळ घेतं, म्हणून सकाळची खडखड उलट वाढवतं. मी सकाळी गेलो असतो तर निदान शंका आली असती. तेव्हापासून आधी बोनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावतो. पाइप कोमट लागला तरी "उद्या येतो" म्हणून परततो. नुसत्या बोनेटवर हात ठेवून कळत नाही, ते उन्हानेही तापतं.

पाणी शिरलेली गाडी हाही आवाजाचाच विषय आहे. 2019च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै 2021मध्ये चिपळूणला पूर आला, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. चालू इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढलं की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग वाकतं. वाकलेलं कनेक्टिंग आखूड होतं, त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतली हवा दाबली जाण्याचं प्रमाण) पडतं, आणि इंजिन मिसिंग करत, म्हणजे मधेच ठोका चुकवत, एका सिलिंडरवर ठोकत राहतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, सीटखालच्या रुळांत आणि स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवा. गाळाचा पिवळट थर कितीही धुतला तरी कुठेतरी राहतोच.

तुम्ही पुण्यात आहात, म्हणजे चालवून बघायला कात्रजचा जुना घाट जवळ आहे. गाणी बंद, एसी बंद, काचा खाली. तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमवरून पाय पूर्ण दाबा आणि ऐका. शक्य झालं तर एखाद्या लांब कंपाउंड भिंतीलगत हळू चालवा, भिंत गाडीचा आवाज परत कानावर आणते. मालकांनी पाठवलेल्या व्हिडिओवर विसंबू नका, जड ठोका मोबाइलच्या माइकमध्ये नीट येत नाही.

परत आल्यावर इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सोडवा. थोडा श्वास येणारच. पण भकाभक धूर आला किंवा नुसतं ठेवलेलं झाकण नाचायला लागलं तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्यात आणि दाब खाली निसटतोय. असं इंजिन आवाज न करताही संपलेलं असतं.

तुमच्या गाडीचं मी काय केलं असतं? बाकी सगळं ठीक निघालं तर ती लगेच सोडली नसती. लाखावर चाललेल्या या इंजिनाला चेन लागणं नवल नाही, आणि ते काम नीट होतं. सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन ऑइल वेळेवर बदललंय का ते मालकांसमोरच बघा. दर 10 हजार किलोमीटरची नोंद सलग दिसली तर बोलणी पुढे न्या. मधे 30-40 हजारांचं खिंडार असेल तर सोडा, कारण तिथे एकटी चेन झिजलेली नसते. पुढे जायचं ठरलं तर आधी फिल्टर आणि ऑइल, गरज निघाली तर चेन, टेन्शनर, गाईड असा पूर्ण सेट, तुमच्या माहितीच्या गॅरेजमध्ये आणि पूर्ण पैसे देण्याआधी. मालक नको म्हणाले तर तेवढी रक्कम भावातून वजा करून मागा. काम झाल्यावर गाडी एक रात्र त्या गॅरेजमध्येच उभी राहू द्या, आणि सकाळी पहिला सेल्फ तुम्ही स्वतः मारा.