पहिली रायफल: स्वस्त घ्यावी की महाग?

किंमत दुप्पट म्हणजे नेमही दुप्पट, असं गणित इथे नाही. रुगर अमेरिकन किंवा सॅवेज अ‍ॅक्सिससारखी स्वस्त रायफलही 100 मीटरवर साधारण इंच-दीड इंचाच्या वर्तुळात गोळ्या बसवते. त्यापुढे चुकतो तो बहुतेक वेळा आपला हात.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत सरकवणारा दांडा, अडखळत नाही, ट्रिगर स्वच्छ सुटतो, दस्ता, म्हणजे नळी ज्यात बसते तो सांगाडा, ताठ असतो. स्वस्त प्लास्टिकच्या दस्त्याचा पुढचा भाग मुठीत दाबून बघ; काही रायफलींत तो सरळ नळीला टेकतो. टेकू घेऊन मारताना गोळी त्यामुळेच भरकटते.

हलक्या वजनाला मात्र भुलू नकोस. अडीच किलोची रायफल डोंगर चढताना सुखाची, पण .308 सारखं दमदार काडतूस झाडलं की खांदा बोलतो. त्या धक्क्याच्या धास्तीने ट्रिगर झटकायची सवय लागली, की जाता जात नाही. शिवाय नेम धरायची दुर्बीण आणि ती रायफलीवर बसवणारं माउंट यांचं अर्धा किलो वजन जाहिरातीतल्या आकड्यात धरलेलं नसतं.

माझं मत विचारशील तर स्वस्त रायफल, चांगली दुर्बीण आणि उरलेल्या पैशांची काडतुसं. थोडी ऐपत असेल तर टिका टी3एक्स लाइट ही रायफल हाताळून बघ, तीन किलोच्या आत आहे.