अंतःकरणाची राखण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : प्रभूच्या नावाने सलाम. मी अनेक वर्षे मंडळीच्या संडेस्कूलमध्ये शिकवत होते. घरातील एक अडचण मी एका सहकारी भगिनीला प्रार्थनेसाठी विश्वासाने सांगितली आणि थोड्याच दिवसांत ती सर्वांच्या तोंडी झाली. तेव्हापासून मी उपासनेला जाते, आशीर्वाद झाला की लगेच निघते आणि कोणाशीही मनातले बोलत नाही. अंतःकरणाचे रक्षण करावे असे वचनच आहे, अशी मी स्वतःची समजूत घालते. परंतु आता प्रार्थनेतही मन कोरडे राहते. माझे चुकते आहे का?

उत्तर : प्रार्थनेसाठी सांगितलेली गोष्ट चारचौघांत पसरवणे हे पाप आहे आणि ते तुमचे नाही, हे प्रथम स्पष्ट सांगतो. ज्या व्यक्तीने विश्वास मोडला तिला पुन्हा सर्व काही सांगावे, अशी सक्ती पवित्र शास्त्र तुमच्यावर करत नाही. येशूने केलेली चिन्हे पाहून पुष्कळांनी त्याच्या नावावर विश्वास ठेवला, तरी तो त्यांच्या भरवशावर राहिला नाही, कारण माणसाच्या मनात काय असते हे तो ओळखून होता, असे योहानाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात लिहिले आहे. तेव्हा माणूस पारखून मन मोकळे करणे म्हणजे प्रीती आटल्याची खूण नव्हे.

मात्र ज्या वचनाचा तुम्ही आधार घेता, ते नीतिसूत्रे ४:२३ अर्ध्यावर सोडू नये. अंतःकरण सर्वांहून अधिक जपावे, याचे कारण तेथेच दिले आहे, ते असे की त्यातूनच जीवनाचा उगम होतो. झरा गढूळ होऊ नये म्हणून त्याच्याभोवती कठडा बांधतात, पण त्याच्या तोंडावर शिळा ठेवत नाहीत. शिवाय त्यापुढील चार वचने पाहिली, तर त्यांत मुखातील कुटिलपणा, डोळ्यांची सरळ नजर आणि पावलांची वाट यांविषयी सांगितले आहे. म्हणजे जे जपायचे ते आपलेच बोलणे, आपलेच पाहणे आणि आपलेच चालणे. दुसऱ्याने आपल्याला दुखवू नये म्हणून काय करावे, याचा तेथे उल्लेखही नाही. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू तेच अधिक कठोरपणे सांगतो : बाहेरून आत जाते त्याने माणूस भ्रष्ट होत नाही, आतून बाहेर येते त्याने होतो.

म्हणून झालेल्या जखमेपेक्षा त्या जखमेत आता काय वाढते आहे, तिकडे लक्ष द्यावे. त्या भगिनीचे नाव निघाले की मनात काय उमटते? तिची फजिती झाल्याचे ऐकून आतल्या आत बरे वाटत असेल, तर राखणीची खरी गरज तेथे आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात ज्याला कडूपणाचे मूळ म्हटले आहे ते बंद दाराआड अधिक जोमाने फोफावते, आणि प्रार्थनेतील कोरडेपणाचे हे एक कारण असू शकते. एकमेव असेलच असे नाही, कारण कोरडे दिवस निष्ठावंतांच्या वाट्यालाही येतात. मत्तय १८:१५ मध्ये अपराध करणाऱ्याला एकांतात गाठून त्याचा दोष दाखवण्यास सांगितले आहे. हे अवघड आहे आणि मंडळ्यांमध्ये क्वचितच घडते. सर्वांना सांगणे किंवा कोणालाच न सांगणे हे दोन्ही मार्ग आपल्याला सोपे वाटतात. ज्याच्याकडून जिवाला किंवा शरीराला धोका आहे अशा माणसाला मात्र एकटीने भेटायला जाऊ नये.

गेथशेमाने बागेत येशूने पेत्राला आणि जब्दीच्या दोन पुत्रांना बरोबर घेतले आणि आपला जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, हे त्यांना उघड सांगितले. ते झोपी गेले, तरी तो पुन्हा पुन्हा त्यांच्याकडे परत आला. सर्वांच्या भरवशावर न राहणारा हाच प्रभू तिघांपाशी मन उघडे करतो, हे ध्यानात घेतले तर तुम्हालाही सारी मंडळी नको, एखादी विश्वासू व्यक्ती पुरेशी आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्याविषयी तुम्ही विचारलेले नाही. ज्या शलमोनाच्या नावाने नीतिसूत्रे ओळखली जातात, त्याचेच मन म्हातारपणी अन्य देवांकडे वळले, असे १ राजे ११ मध्ये नमूद आहे. ते कोणी दुखवल्यामुळे वळले नाही, प्रिय असलेल्या गोष्टींमागे वळले. आपण दुःखाच्या बाजूला पहारा ठेवतो आणि सुखाची बाजू बहुधा मोकळीच असते.

प्रश्न : प्रार्थनेला बसलो की नेमके तेव्हाच घाणेरडे किंवा देवनिंदेचे विचार मनात येतात. ते येणे हेच पाप आहे का? मी ते पूर्णपणे थांबवू शकत नाही.

उत्तर : नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या एवाग्रियस या संन्याशाने मनाला छळणारे आठ प्रकारचे विचार नोंदवले; खादाडपणा, क्रोध, खिन्नता, गर्व हे त्यांतले काही. हे विचार मनाला त्रास देतील की नाही हे आपल्या हाती नाही, पण ते रेंगाळतील की नाही हे आपल्या हाती आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. अशा विचारांना उत्तर देता यावे म्हणून त्याने शास्त्रवचनांचा संग्रहही केला. त्यामागचा आदर्श उघड आहे : अरण्यात सैतानाने तीन वेळा मोहात पाडू पाहिले, तेव्हा प्रभूने तिन्ही वेळा जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातील वचनाने उत्तर दिले आणि वाद लांबवला नाही. तुम्हीही विचाराशी झगडत न बसता एखादे छोटे वचन म्हणून प्रार्थना पुढे न्यावी. फिलिप्पैकरांस पत्र बंदिवासातून लिहिताना पौल, विनंती उपकारस्तुतीसह देवाला कळवा, म्हणजे देवाची शांती तुमची अंतःकरणे राखील, असे सांगतो. म्हणजे राखण करणारे तुम्ही एकटे नाही.

मात्र हेच विचार दिवसभर पाठ सोडत नसतील, ते घालवण्यासाठी ठरावीक शब्द किंवा कृती पुन्हा पुन्हा करावी लागत असेल, झोप आणि काम बिघडत असेल, तर पाळकांबरोबरच मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटावे. असे न थांबणारे, नको असलेले विचार हे एका आजाराचे लक्षण असू शकते, त्यावर उपचार होतात, आणि उपचार घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे.